रिकाम्या रायफलीचा खट्‌खटाट

"आम्ही हातसुद्धा लावला नाही!" झिपरी तिसऱ्यांदा ओरडली.

"मग काय, रायफल आपोआप बिघडली?" मामी कडाडली. तिने हातातली इवलीशी गोळी पुढे धरली. "हिच्या बुडाच्या कडेवर टोला बसला की ही उडते. आत गोळी नसताना चाप ओढला, तर तोच टोला नळीच्या काठाला बसतो. काठ चेपलाय! गोळ्या अडकताहेत, आणि परवा माझी स्पर्धा! तुम्हा दोघांचं येणं रद्द."

मामी कामावर निघून गेली. झिपरीने डोक्याला हात लावला. सुट्टीभर याच स्पर्धेची वाट पाहिली होती!

"आईला काही सांगण्यात अर्थच नाही," मामेभाऊ ढोल्या कुरकुरला.

एवढ्यात मामाच्या बंद खोलीतून आवाज आला. खट्! मग शेजारच्या काकांचं हसणं. पुन्हा खट्!

"बाबा, काय चाललंय?" ढोल्याने दार ठोठावलं.

"बुद्धिबळ! त्रास देऊ नका रे!"

"पट तर माझ्या खाटेखाली आहे," ढोल्या पुटपुटला.

झिपरीचे डोळे चमकले. "उद्या मामी कामावर गेली की रायफलीच्या कपाटाच्या मुठीला शिक्क्याची शाई फासायची. रायफलीला आपण शिवायचंसुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामी परतली, तर दोघे पुरुष साळसूदपणे चहा पीत बसलेले. मामाची बोटं निळी. आणि काकांच्या गालावर, रायफलीचा दस्ता टेकवून नेम धरतात ना, नेमका तिथेच निळा पट्टा!

"काका, बुद्धिबळ गालाने खेळता का हो?" झिपरीने विचारलं.

मामीने हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्ही?"

"अगं, रिकामीच तर होती..." मामा चाचरला.

"रिकामी होती म्हणूनच बिघडली! आणि रिकामी समजून एखाद्या दिवशी भरलेली उचलली असतीत तर? किल्ली कुठे असते ते तुम्हाला सांगितलं, हीच माझी चूक. द्या इकडे!"

रायफल तशीच दुरुस्तीला गेली. कारागिराने काठ सरळ करून दिला आणि स्पर्धेत एकही गोळी अडकली नाही. नेमबाजीच्या मैदानावरच, सगळ्यांदेखत, मामीने झिपरीला आणि ढोल्याला जवळ ओढलं.

"तुमचं न ऐकताच तुमच्यावर आळ घेतला. चुकलंच माझं. हुशार आहात रे!"

"आम्ही हातसुद्धा लावला नाही, हे परवापासून सांगतोय!" झिपरी वैतागून म्हणाली.