चौसष्टावा घोडा

या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्यानं आधी वैद्याला नाडी दाखवावी. पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सांगलीच्या रस्त्यावर एक जीप शिट्टी मारायची, हे मात्र शंभर टक्के खरं.

त्या दिवशी मनू कॉलेज सुटल्यावर विश्रामबागेतून सायकलनं गावाकडे निघाली होती. कॅरियरला गणिताची वही, रस्ताभर कडुनिंबाचा मोहर सांडलेला. तेवढ्यात मागून शिट्टी आली. साधीसुधी नव्हे — लांब, चढत जाणारी, मानेवरचे केस उभे करणारी. मनूनं सायकल आडवी घातली आणि चप्पल हातात घेतली.

"शिट्टी कुणाला मारलीस रं?"

जीप जागच्या जागी थांबली. आत खाकी शर्टातला गडी, गालावर ग्रीसचा पट्टा. नाव अर्जुना. माण तालुक्यातला. पाच वर्षं पलटणीच्या वर्कशॉपात गाड्या उघडून-जोडून परत आलेला.

"मी न्हाई मारली, बाई. हिनं मारली." त्यानं बॉनेटवर थाप दिली.

"गाडी शिट्टी मारती व्हय?"

"रोज न्हाई मारत. आज... काय दिसलं तिला, कुणास ठावं."

चप्पल वरच राहिली. अर्जुनानं घाईघाईनं बॉनेट उघडलं. धरणाच्या कामावर भंगारात निघालेल्या बुलडोझरचा टर्बो त्यानं जीपला बसवला होता.

"इंजिनाचा धूर वाया जातो न्हवं? त्या धुरानं हे पातं फिरतं. ते इंजिनात जादा हवा कोंबतं. जादा हवा, जादा जाळ, जादा ताकद! आन् फिरताना शिट्टी वाजती."

"किती ताकद?"

"शंभर घोडे."

"मोजले?"

"मोजायचं काय त्यात? आवाजावरनं कळतंय की."

"आवाजावरनं तर आमचा कोंबडाबी हत्ती हाय," मनू म्हणाली, आणि ओठांवर आलेलं हसू त्याला दिसू नये म्हणून भरकन सायकलवर बसली. अर्जुनाला ते दिसलं. पुढचे दोन दिवस त्याला दुसरं काहीच दिसेना.

तिसऱ्या दिवशी तो मनूच्या वडिलांच्या, हंबीररावांच्या विहिरीवर हजर. माणात दुष्काळ, गावाला प्यायला पाणी नाही. इकडे कृष्णाकाठी हंबीररावांची विहीर तुडुंब, भोवती ऊस. दहा पिंपं भरून न्यायची परवानगी त्यानं मागितली, हंबीररावांनी दिली. मग तो रोज येऊ लागला. पिंप भरायला लागतात पाच मिनिटं. अर्जुनाला पंधरा लागायची. मनू वही घेऊन नेमकी विहिरीवरच अभ्यासाला बसायची, आणि तिच्या वहीचं पान काही उलटायचं नाही.

हंबीररावांनी महिनाभर बघितलं आणि एके सकाळी विचारलं, "अर्जुना, पाणी न्हेतोस का पोरगी?"

अर्जुनाच्या हातातली बादली विहिरीत गेली. "आबा... दोन्ही, तुमी हो म्हटलं तर."

"आन् माणात तिला ठेवणार कशात? पावण्याच्या हातावर घालाय पाणी न्हाई तितं!"

"रोज आणीन. जीपला शंभर घोड्यांची ताकद हाय."

"माझ्या हिरीवरची मोटर पाच घोड्यांची. म्हंजे तुझी जीप वीस मोटरा व्हय?" हंबीरराव मिशीत हसले. "शाबीत कर. घोडा जरी कमी भरला, तर हिरीवरबी यायचं न्हाई आन् मनूकडंबी बघायचं न्हाई."

गावामागच्या खिंडीत मोजायचं ठरलं. हिशेब मनूनं मांडला.

"पंच्याहत्तर किलो एका सेकंदात मीटरभर वर न्हेलं, की एक घोडा. भरली पिंपं, ती ठेवायची मागची ट्रॉली, जीप, माणसं मिळून चार हजार किलो. खिंड दीडशे मीटर उंच. सगळा गुणाकार-भागाकार केला की उरतं एवढंच — आठ हजाराला सेकंदांनी भागा, घोडे मिळतील."

"शंभराला किती सेकंद?" अर्जुनानं हळूच विचारलं.

"ऐंशी. आन् घड्याळ घेऊन जीपमधी मी बसणार."

"तू? त्येच्या शेजारी?" हंबीरराव कडाडले.

"आबा, हिशेब माझा, घड्याळ माझं. शेजार कुणाचा का असंना!"

हंबीरराव खिंडीच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले. पायथ्याला शेजारच्या दादासोनं रुमाल पाडला आणि जीप सुटली. अशी सुटली, की वरची घार मागं पडली. शिट्टी अशी वाजली, की साखर कारखान्यातले कामगार पाळी संपली समजून डबे घेऊन घरी गेले! पहिलं वळण, दुसरं वळण... शेवटचं वळण कड्याआड होतं, माथ्यावरून दिसत नसे. तिथं शिट्टी जरा थांबली. दम घेत असेल. मग पुन्हा वाजली, आणि जीप दिमाखात वर आली.

मनू खाली उतरली. वेणी सुटलेली, हात कोपरापर्यंत धुळीनं माखलेले. वाऱ्यानं, दुसरं काय!

"एकशे पंचवीस सेकंद," ती म्हणाली. "चौसष्ट घोडे."

अर्जुनाचा चेहरा उतरला. "मनू... घसट धर की! चाकांची, गिअरची..."

"धरली तरी ऐंशीच्या वर जात न्हाई. शंभर न्हाईत, अर्जुना."

"मग झालं तर!" हंबीररावांनी हात झटकले. "पिंपं उतरीव आन् चालू लाग."

मनू वळली आणि परत जीपमध्ये जाऊन बसली.

"मने, खाली उतर!"

"न्हाई उतरत. पैज तुमची आन् ह्यांची. मला कुणी इचारलं, मने, तुला किती घोडे पायजेत? शंभर लिवायला माझ्या बापाचं काय जात हुतं? तुमी हसत अक्षता टाकल्या असत्या. पन खोट्या आकड्यासंगं मी लगीन लावणार न्हाई. मला चौसष्ट पुरं हाईत!"

"आन् माणाच्या वाटंत बंद पडली म्हंजे?"

"ढकलीन."

अर्जुनाला एकदम ठसका लागला.

हंबीररावांनी लेकीकडे बघितलं. तिच्या धुळकट हातांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "अक्षता पडल्याबिगर माणात जायचं न्हाई, सांगून ठेवतो. आन् तू रं, चौसष्टवाल्या... उद्या पिंपं भराय येशील, तवा जेवायलाच ये."

तर अशी ती जीप! चार हजार किलो वजन घेऊन, एका दमात, कुठंही न थांबता खिंड चढलेली, आणि तिच्या जोरावर अर्जुनानं —

"आवं, थांबा! एका दमात?" माझी मनूबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "कड्याआड बंद पडली न्हवं तुमची जीप? चाकामागं धोंडा कुणी लावला? पदर खोचून ढकलली कुणी? म्हणं वाऱ्यानं हात माखले! इंजिनाचे तिरसष्टच हुते. चौसष्टावा घोडा मी हुते, तेवढं खरं सांगा!"