न वाचलेली भिंत

माळुंगगडावर पोचल्यावर आधी लेप कालवायचा आणि मग चहा प्यायचा, हा गडसोबती मंडळाचा शिरस्ता होता. तेवढ्यात लेप मुरायचा. दिसायला तो नदीकाठच्या गाळासारखाच, पण त्यात जिवाणू होते. कुणी खिळ्याने, चाकूने दगडावर नाव कोरलं की त्या चरांवर लेप थापायचा, वर ओलं गोणपाट लावायचं आणि गड उतरायचा. जिवाणू चरांत शिरून तिथे काळ्या पाषाणाच्याच रंगाचं, त्याच्याइतकंच कठीण खनिज तयार करत. चर भरला की त्यांना खायला काही उरत नसे आणि ते मरून जात. गोणपाट काढलं की भिंत कोरी. पूर्वी तारेच्या ब्रशने नावं घासताना दगडच झिजत असे. लेप आल्यापासून ते थांबलं. मंडळातले लोक त्याला 'भरणी' म्हणत.

मंडळाचा आणखी एक नियम होता. भिंतीवरची नावं वाचायची नाहीत. जरा लांब उभं राहून, मान वळवूनच लेपाचा पहिला हात मारायचा, सगळं झाकलं गेलं की मग जवळ जाऊन बोटांनी चर दाबून भरायचे. हा नियम ऋजुता धारपने घातला होता. मंडळही तिनेच सुरू केलेलं. नव्या माणसाला ती कारण सांगे. एकदा कुणीतरी भिंतीवरच्या एका मुलीच्या नावाचा फोटो काढून गावभर फिरवला होता, आणि त्या मुलीचं कॉलेज सुटलं. आपण पुसायला येतो, चहाड्या करायला नाही.

कारण खरं होतं, पण अर्धंच.

त्या रविवारी पाऊस सरून उघडीप झाली होती. पठारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. खोब्रागडे सर पुढे गेले होते. ते निवृत्त चित्रकला शिक्षक, चालायला सगळ्यांत चपळ. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा पेला तसाच भरलेला होता.

"ताई, अंबरखान्याकडे चला जरा. भिंतीला पित्त उठलंय."

"सर, सकाळी सकाळी?"

"मस्करी नाही करत. तुम्ही चला. आणि डॉक्टरीणबाईंनाही घ्या."

डॉक्टरीणबाई म्हणजे यास्मिन मुकादम. महाडची मुलगी, लेपातले जिवाणू तिच्याच प्रयोगशाळेत वाढवलेले. पावसाळ्यानंतर भरणी कशी टिकली ते पाहायला ती या खेपेला मुद्दाम आली होती. गुडघ्याला पट्टा बांधून, दर वळणावर गडाला शिव्या घालत ती चढली होती.

अंबरखाना म्हणजे गडावरचं धान्याचं कोठार. छप्पर केव्हाच गेलेलं, पण मागची लांब भिंत घडीव दगडांची, अजून ताठ. दोन वर्षं तिथे जायची वाट बंद होती, कारण दारावरची एक शिळा खचली होती. यंदा चैत्रात वाट मोकळी झाली आणि मंडळाने ती पूर्ण भिंत लिंपून काढली. उन्हाळ्याच्या अखेरीस गोणपाट काढलं तेव्हा भिंत नव्यासारखी दिसत होती.

आता ती तशी नव्हती. भिंतीवर करड्या रेघा उठल्या होत्या. अंगावर उठाव्यात तशा, दगडाच्या कातडीखालून वर आलेल्या. एका नावावर दुसरं, त्यावर तिसरं. बाण, बदाम, गावांची नावं. वर्षानुवर्षं पुसलेलं सगळं परत आलं होतं, आणि कोरीव नव्हे तर उठावदार होऊन आलं होतं. आंधळ्यालाही बोटांनी वाचता आलं असतं.

मंडळींपैकी सवयीने दोघा-तिघांनी मान वळवली.

ऋजुताने मात्र वळवली नाही. तिला वळवता आली नाही.

यास्मिनने भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "मेले नाहीत ते," ती म्हणाली. "चर भरले, पण मेले नाहीत."

"खायला काय मिळालं त्यांना?"

"दगडाचं काय असतं, ताई, चर पुसला तरी मार जात नाही. खिळा जिथे ओढला जातो तिथे आत खोलवर बारीक भेगा पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. वरून घासा, लिंपा, आतला मुका मार तसाच राहतो. यंदा धुकं हटलंच नाही, त्या भेगांत पाणी साठलं, आणि हे त्या वाटेने आत गेले. आतून भरत भरत वर आले." तिने भिंतीवरून तळहात काढला. "मी लेप बनवला चर भरायला. तो सगळ्या भिंतीचा जबाब नोंदवून बसला."

"आणि आता?"

"आता आतून दाब वाढतोय. थंडीपर्यंत असंच राहिलं तर भिंतीचं कातडं सुटेल. पापुद्रेच्या पापुद्रे. आजच मारायला हवेत. जास्त वाढलेच तर म्हणून औषध बरोबर ठेवते मी." तिने पाठीवरच्या फवारणी पंपाकडे बोट दाखवलं. "फवारलं की रात्रभरात या रेघांची पूड होऊन गळेल. मग पुन्हा कधी उठायच्या नाहीत."

कुठे किती औषध मारायचं ते ठरवायला यास्मिनने पिशवीतून स्पर्शवाचक काढला. इस्त्रीएवढं यंत्र. ते रेघेवरून फिरवलं की भेग किती खोल गेली, खिळा कुठून कुठे ओढला गेला, हात जड होता की हलका, आणि जखम किती पावसाळ्यांची आहे, हे सगळं छोट्या पडद्यावर उमटत असे. ती एका टोकापासून सुरुवात करून पुढे सरकू लागली. ऋजुता आकडे टिपत तिच्या मागे चालली. डोळे पडद्यावर ठेवायचे, भिंतीवर नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

याच भिंतीवर कुठेतरी ओजसचं नाव होतं, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

ओजस तिचा धाकटा भाऊ. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मित्रांबरोबर माळुंगगडावर आला होता. मित्रांनी काढलेल्या चित्रफितीत तो दगडाच्या टोकदार कपच्याने या भिंतीवर नाव कोरताना दिसतो, हसतो, मागे वळून काहीतरी म्हणतो. मग धुकं आलं. मित्रांना वाटलं तो पुढे गेला. खाली गेल्यावर कळलं की तो पुढे नव्हता. दरीत दोर टाकून शोधणाऱ्यांना त्याची पाण्याची बाटली मिळाली. तो मिळाला नाही. ती चित्रफीत मात्र सगळ्यांना मिळाली, आणि तिच्याखाली कुणीतरी लिहिलं, 'गड विद्रूप करणाऱ्याला गडानेच धडा शिकवला.' कित्येकांना ते आवडलं होतं. बाबांनी ते सगळं वाचलं आणि त्यावर मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. ऋजुताने पुढच्या वर्षी मंडळ सुरू केलं. ते नाव पुसलं जायला हवं होतं, ते परक्या हाताने पुसलं जायला नको होतं, आणि तिला ते बघायचं नव्हतं. नियम या तिन्हींतून जन्मला होता.

"हे बघा, हे मजेशीर आहे," यास्मिन म्हणाली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. "एकच नाव पुन्हा पुन्हा. सगळ्यांत वरचं जुनं, हात वेगळा. उंच माणूस, डावखुरा. त्याखालची सगळी दुसऱ्याच एकाच हाताची. दर वर्षी एक असावं, लागोपाठच्या दोन नावांत एका पावसाळ्याचा फरक पडतोय. आणि बघा, दर वेळी थोडं खाली."

"खाली का?"

"माणूस आपल्या छातीच्या उंचीवर कोरतो. हा माणूस वाकत गेलाय. म्हातारा होत गेलाय, दुसरं काय." तिने पडदा ऋजुतासमोर धरला. "आणखी एक गंमत. लोक अक्षरं काढतात आणि मग वर रेघ मारतात. हा आधी रेघ मारतो, वहीत आखल्यासारखी सरळ, आणि मग तिला अक्षरं टांगतो."

ऋजुताने पडद्यावरून नजर काढली आणि भिंतीकडे पाहिलं.

ओजस. ओजस. ओजस. जिन्यासारखं खाली उतरत गेलेलं.

आधी रेघ, मग अक्षरं. असं लिहिणारं एकच माणूस तिने आयुष्यात पाहिलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोरांना हात धरून अक्षरं गिरवायला लावणारी तिची आई. ओजसच्या वाढदिवसाला आई दर वर्षी 'पायथ्याच्या देवीला जाऊन येते' म्हणायची. ऋजुता कधी सोबत गेली नाही. गड चढून येणाऱ्या बाईची वहाण कशी दिसते हे तिला इतरांपेक्षा चांगलं कळत होतं, पण आईच्या वहाणांकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आई कोरायची. ऋजुता यायची, न वाचता लिंपून जायची. पुढच्या वर्षी आई पुन्हा कोरायची.

"ताई? बसता का जरा?"

"नको. पुढचं बघ."

यास्मिनने यंत्र सगळ्यांत खालच्या ओजसवर आणलं. तो जवळजवळ मांडीच्या उंचीवर होता, खाली बसून कोरलेला, रेघ वाकडी गेलेली. "हे तीन पावसाळ्यांपूर्वीचं. याच्यानंतर हा हात नाही."

तीन पावसाळ्यांपूर्वी आई न्हाणीत पडली होती आणि खुबा मोडला होता. तेव्हापासून ती अंथरुणावरच होती.

"आणि शेजारचं हे," यास्मिन यंत्र उजवीकडे सरकवत म्हणाली. तिने ते पुन्हा फिरवलं. "हे त्याच्या पुढच्या वर्षीचं. वाट बंद होती तेव्हा कुणीतरी आत आलं होतं. हात तिसराच... नाही, थांबा." तिने वरच्या जुन्या नावाचा आलेख काढून शेजारी ठेवला. "डावखुरा. दाब जड. उंच माणूस असावा, कारण खाली बसून लिहितानाही खिळा वरून खाली आलाय. त्या नावाच्या ओळीत यावं म्हणून मुद्दाम बसलाय."

आईच्या शेवटच्या वाकड्या 'ओजस'पुढे, वर रेघ न मारता, एकच शब्द उठला होता.

आहे.

"हात तोच आहे का?" ऋजुताने विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःला सपाट वाटला.

"तसं मी म्हणणार नाही. मधे खूप वर्षं गेलीत, हात बदलतो. आणि डावखुरे काय, दर दहांत एक असतो. कुणी टवाळानेही जोडलं असेल, लोक दुसऱ्याच्या नावापुढे काय वाटेल ते लिहितात." मग तिने ऋजुताच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चढताना शिव्या घालणारी ती बाई एकदम हळू बोलू लागली. "कोण होता हा, ताई?"

ऋजुताने आकडे टिपायची वही मिटली. तिला आठवत होता तो चैत्रातला दिवस. खालच्या ओळीचे दगड तिच्याच वाट्याला आले होते. गुडघ्यांवर बसून, मान वळवून, तिने लेपाचा हात मारला होता. मग बोटांनी एकेक चर दाबून भरला होता. काम नीट व्हावं म्हणून दोनदा.

खोब्रागडे सर मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि मंडळात सगळ्यांत जुने तेच असल्याने त्यांना नावही ठाऊक होतं. "ताई," ते म्हणाले, "एवढा एक दगड राहू दे. कोण विचारणार आहे?"

"तो दगड सुटला की वरचे चार सुटतील, सर. मग भिंतच राहणार नाही." तिने यास्मिनकडे हात केला. "पंप दे."

तिने एका टोकापासून फवारायला सुरुवात केली. बदाम, बाण, गावांची नावं. मग जिना, वरून खाली, एकेक पायरी. शेवटच्या दगडापाशी ती गुडघ्यांवर बसली. या वेळी तिने मान वळवली नाही. औषध पडलं तशी करडी अक्षरं ओली होऊन आणखी ठळक झाली. उद्या सकाळी त्यांची पूड वाऱ्याने जाणार होती.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आई उशीला टेकून बसली होती. ऋजुताने बूटही काढले नाहीत.

"गडाच्या दगडावर कोरत होतीस तू? शिक्षिका असून?"

आईला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. कधीतरी हे विचारलं जाणार, अशी तिची तयारी असावी. "कोरत होते."

"आणि मी पुसत होते. तुला माहीत होतं?"

"तू तुझं काम करत होतीस, ऋजू. मी माझं."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू दोन्हींपैकी एक काम बंद पाडलं असतंस." आईने पांघरुणाची घडी सारखी केली. "मला वाटायचं, तो कधी परत त्या वाटेने आला, तर त्याला दिसायला हवं की कुणीतरी अजून येतंय. जुनं नाव कुणीही ठेवतं गं. ताजं दिसायला हवं."

मग ऋजुताने तिला तो शब्द सांगितला. डावा हात, खाली बसून लिहिलेलं, सगळं. डावखुरे बरेच असतात, टवाळही बरेच असतात, हेही सांगितलं. आणि आपण ते आज फवारून आलो, उद्या सकाळी तिथे काही नसेल, हे सगळ्यांत शेवटी सांगितलं.

आई रडली नाही. तिने बराच वेळ खिडकीतून डोंगराच्या दिशेला पाहिलं. तिथून गड दिसत नव्हता. मग तिने ऋजुताचा हात ओढून जवळ घेतला. त्याला औषधाचा वास येत होता. पहिलीच्या पोराची बोटं पेन्सिलीवर नीट बसवावीत तशी तिने ती बोटं आपल्या बोटांत धरली.

"बरं," ती म्हणाली. "मग त्या 'आहे'पुढे तू काय लिहून आलीस?"