मानलेल्या नात्याचा तक्ता

सांगलीतल्या त्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या दाराशी आता रखवालदार नसे. मनगटावरचा पट्टा दारापुढे धरला की यंत्र राज्याच्या नोंदींतून नातं शोधायचं आणि घरच्या किंवा नोंदवून मानलेल्या नात्याच्या माणसाला आत सोडायचं. त्या दुपारी दत्तोबा माळग्यांनी पट्टा धरला, पण दार उघडलं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘परिचित. प्रवेश नाही.’

त्यांनी मदतवाहिनीला फोन लावला. तिथून तो पुण्यात अरुंधती केळुसकरकडे आला. नोंदींची यंत्रणा तिचा गट सांभाळत होता.

“ताई, काल दार उघडत होतं. आत इस्माईल आहे. तरणे होतो तेव्हापासून एका घरात राहतोय आम्ही, गॅरेजपण दोघांचं. त्याला दुसरं कोण नाही ओ.”

अरुंधतीने काल रात्री केलेले बदल पडद्यावर उघडले. यंत्रणा पायथन या संगणकभाषेत लिहिलेली होती आणि नोंदींच्या शेकडो तक्त्यांच्या व्याख्या एकाच अगडबंब फाइलमध्ये कोंबलेल्या होत्या. तिने त्या विषयवार वेगळ्या केल्या होत्या. नाव, पत्ता असे सगळीकडे येणारे रकाने एका मूळ व्याख्येत नेले होते; बाकीच्या तक्त्यांना ते तिथून वारशाने मिळू लागले होते. ‘मानलेलं नातं’ आणि ‘परिचित’ या तक्त्यांचे रकाने तर हुबेहूब सारखे होते. काल रात्री तिने त्यांचा ‘परिचित’ हा एकच तक्ता केला होता. सकाळी सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

“सर, दोन्ही तक्ते परत वेगळे करायला हवेत,” ती गटप्रमुख रणदिव्यांना म्हणाली.

“व्याख्या वेगळ्या होतील. पण आतली माणसं? कोण मानलेला भाऊ आणि कोण नुसता ओळखीचा, हे आता कळणार कसं?”

“बदलाआधीची प्रत आहे ना.”

“ती परत चढवायला संध्याकाळ होईल.”

“मग या एका माणसापुरतं दार उघडू द्या!”

रणदिव्यांनी वरून परवानगी मागितली. ती येईपर्यंत अरुंधतीने फोन ठेवला नाही. पलीकडे दत्तोबा दाराच्या काचेवर हळूहळू बोटं वाजवत होते, “इस्माईल, आलो रे,” म्हणत होते.

परवानगी आली. दार सरकल्याचा आवाज तिने ऐकला. मग पावलं आणि एका नर्सचा दबका स्वर.

“काका?”

“गेला, ताई.” त्यांचा आवाज कोरडा होता. “आता ही बाई विचारतीय, मयत कुणाच्या ताब्यात द्यायची. तुमच्या यंत्रात मी त्याचा कोण लागतो?”