माइक काढल्यावर

किनानची आणि माझी ओळख झाली ती केसांच्या गुंत्यातून. बैरूतच्या वरच्या डोंगरात, गाण्याच्या टीव्ही-स्पर्धेचं ते घर. आम्ही स्पर्धक दारात रांगेत उभे. आत जायचं तर गळ्याशी माइक हवा, आणि झोपेपर्यंत तो काढायचा नाही. मी मान वळवली आणि त्याच्या माइकचा चिमटा माझ्या केसांत अडकला.

"हलू नकोस... तुटेल."

"माइक की केस?"

"केस परत येतात गं. माइक तुटला तर मला परत सीरियात, लताकियाला पाठवतील, मामाच्या गॅरेजमध्ये."

"पाठवू देत की. एक स्पर्धक कमी!"

तो हसला. मी जॉर्डनमधल्या इर्बिदची राजवा, कुणाला सहज भाव न देणारी — आणि तिथंच फसले.

मग सरावात, जिन्यावर, कोथिंबीर निवडताना नजरा भेटत राहिल्या, आणि कॅमेरे त्या टिपत राहिले. एका सकाळी निर्मात्या बाईंनी त्याला बोलावलं. मी दाराबाहेरच होते.

"लोकांना तुमची जोडी आवडतेय, हबीबी. या शुक्रवारी बाहेर जायची पाळी तुझ्यावर आहे. मंचावर म्हण, राजवावर प्रेम आहे... मग बघ मतं!"

तो बाहेर येताच मी एक तळहात त्याच्या माइकवर दाबला, एक माझ्या.

"किनान, हा गळ्यात असताना जे म्हणशील ते मी खोटं धरीन. कायमचं."

त्यानं माझा हात हळूच बाजूला केला आणि सरावाला निघून गेला.

शुक्रवारी त्याची भरलेली बॅग मंचाच्या पायऱ्यांशी उभी होती. तो जीव ओतून गायला. समोर त्याची आई जपमाळ ओढत होती. मतदान अजून सुरू होतं, आणि निवेदिकेनं हसत विचारलं, "घरोघरी एकच प्रश्न आहे... राजवावर तुझं प्रेम आहे?"

'हो' म्हणाला तर तो राहील, त्याची गाणी निघतील... आणि त्या 'हो'वर मी कधीच विश्वास ठेवू शकणार नाही. किनाननं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाही," तो म्हणाला.

प्रेक्षक हळहळले. निकाल लागला — किनान बाहेर. मला रडू फुटलं, आणि रागही आला. इतकं मनावर घ्यायची काय गरज होती त्या वेड्याला!

ध्वनीवाल्यानं त्याचा माइक काढून घेतला. एकेकाचा निरोप घेत तो माझ्यापाशी आला. माझा माइक चालूच होता. त्यानं त्यावर हळूच तळहात ठेवला.

"आता म्हणू?"

"अरे, सगळं घालवलंस ना!"

"गॅरेजमध्येही गाता येतं गं. मामा शिव्या देईल, एवढंच." मग तो कानाशी वाकला. "राजवा... माझं प्रेम आहे तुझ्यावर. मगाचं 'नाही' त्यांच्यासाठी होतं."

"माझंही आहे," मी म्हणाले आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

मंचाखालून कुणीतरी हातवारे करत होतं, "राजवा, तुझा आवाज येत नाहीये!"

मी हात आणखी घट्ट दाबला.