भिजत घातलेलं धोतर

अरं साईराज, ठेव ती तारेची घासणी. खानापूरपास्नं गाडी आणलीस, काचंवर किडं चिकटलं, म्हणून काय काच खरवडून काढणार? चरे पडतील, आणि उद्या तुझा बा माझ्या नावानं शिमगा करंल. जुनं सुती फडकं घे, मऊ असलेलं. बादलीत शांपूची पुडी फोड, फडकं चिंब भिजव आणि काचंवर नुसतं पसर. घासू नगंस. पाणी मुरलं की किडं आपसूक सुटत्यात... व्हय, तसंच. आता या, बसा कट्ट्यावर. माधवी, तू बी ये गं.

ही रीत मला नागेंद्रनं सांगितली. रीत चांगली हाय. मला मात्र ती वापरवत न्हाय. का, ते फडकं भिजूस्तवर सांगतो. ही ऐकीव गोष्ट न्हाय. अर्धी माझ्या डोळ्यांदेखत घडल्या.

नागेंद्र म्हणजे आमच्या शेजारच्या मालुबाईचा एकुलता एक लेक. बाप लवकर गेला. मालुबाईनं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून त्याला शिकवलं. पोरगं हुशार निघालं, बेळगावात चांगली नोकरी लागली, बंगला झाला, पांढरी नवी गाडी आली. त्या गाडीत आईला एकदा तरी बसवलं का? न्हाय. सीटला तंबाखूचा वास लागंल म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला. मालुबाई बी हसली. मला मात्र त्याचा लई राग आला व्हता, अजून हाय.

गेल्या दिवाळीतली वसुबारसेची रात्र. मालुबाईला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं व्हतं. सांजंपास्नं तिला तहान लागली. "पाणी" म्हणायची, आणि वाटी तोंडाला लावली की ओठ मिटून घ्यायची. तिची वखारीतली सोबतीण जयाबाई उशाला बसलेली. तिनं चमच्यानं घालून बघितलं. मी बघितलं. एक थेंब घेईना. एवढंच म्हणाली, "नागूच्या हातचं."

शेवटचं पाणी लेकाच्या हातचं मिळावं, असं प्रत्येक आईला वाटतंय आपल्याकडं. मी फोन लावला. म्हटलं, "नागू, आई तुझ्यासाठी जीव धरून बसल्या. तुझ्या हातच्या पाण्यासाठी अडलंय तिचं. निघ."

"निघालोच आप्पा," म्हणाला. आणि निघाला, खोटं कशाला बोलू? जेवणाचं ताट तसंच टाकून निघाला.

पुढचं त्यानं मला दहाव्याला सांगितलं, नदीच्या घाटावर, मान खाली घालून.

तवंदी घाट उतरून तो खाली आला. दोन्ही अंगाला ऊस. दिवाळीच्या सुमाराला रात्री त्या रस्त्याला किडं किती असतात, तुम्हांला ठाऊक हाय. काच भरून गेली. वायपर फिरवला तर सगळी घाण फासली गेली. समोरनं गाडी आली की नुसतं पांढरंफटक, रस्ता दिसंना. थांबायलाच लागलं. तेवढ्याबद्दल मी त्याला बोल लावत न्हाय.

एक बंद पडलेला ढाबा व्हता, तिथं गाडी लावली. डिकीत सगळा सरंजाम असायचा त्याच्या. पाण्याचा कॅन, गुलाबाच्या वासाचा शांपू, आणि फडकं म्हणून बापाचं जुनं धोतर. काचंपुरतं पुसून निघाला असता तर वेळेत पोचला असता. पण बॉनेटवर बी किडं. दारात भावकी जमलेली असणार, त्यांच्यापुढं साहेबाची नवी गाडी अशी बरबटलेली कशी न्यायची? घासलं तर रंग जाणार. म्हणून कॅनमध्ये शांपू कालवला, धोतर भिजवलं आणि बॉनेटपास्नं काचंपर्यंत पसरलं. उरलेलं सगळं पाणी वरनं ओतलं. हाताला फेस तसाच. बाहेर किडं चावाय लागलं म्हणून आत जाऊन काचा लावून बसला.

हिकडं ती पाण्याची वाट बघत्या, आणि तिकडं ह्यो पाणी मुरायची.

मी फोन केला. त्यानं उचलला न्हाय. पोचतोयच की, म्हणून.

आत अंधार. समोर काचंवर धोतर. मग बाहेरनं आवाज आला.

चुळूक... चुळूक...

कुत्रं असंल, पाणी चाटत असंल, असं वाटलं त्याला. त्यानं काचंवर टिचकी मारली. आवाज थांबला.

परत सुरू झाला. आता वर. त्याच्या तोंडासमोर.

धोतर एका जागी काचंपास्नं उचललं जायचं. परत चिकटायचं. परत उचललं जायचं.

तेवढ्यात समोरनं ट्रक आला. उजेड धोतरावर पडला.

डोकं.

पदर घेतलेलं... काचंवर वाकलेलं. तोंड धोतराला लावलेलं. आणि गळा हलत व्हता.

घोट... घोट...

नागेंद्रचा हात हॉर्नवर गेला. दाबला, तो दाबूनच धरला. तोंडातनं एकच शब्द आला. "हाड्."

डोकं वर झालं. थांबलं...

ट्रक निघून गेला.

बऱ्याच वेळानं तो दार उघडून बाहेर आला. रस्त्यावर कोणी न्हाय. ढाब्यात कोणी न्हाय. धोतर जिथल्या तिथं. हात लावला... कोरडं. पिळलं तरी थेंब न्हाय. धोतर उचललं तर काच लख्ख, बॉनेट लख्ख. एक किडा न्हाय कुठं.

साईराज, राहू दे रं ते फडकं. बस.

त्याची गाडी दारात आली तवा आम्ही सगळी बाहेर उभी व्हतो. गाडी चकाचक व्हती. कुणी तिच्याकडं बघितलं न्हाय. मालुबाई गेली व्हती.

जयाबाईनं सांगितलं त्याला. रडून न्हाय, रागानं. "लई वाट बघितली रं तुझी. शेवटी शेवटी नुसतीच गिळत व्हती. कुणी पाणी घातलं न्हाय, आणि ही आपली घोट घेतीया. मला वाटलं, तहान भागली जणू हिची. आणि एकदम दचकली. कुणी अंगावर वरडल्यागत. डोळं उघडून दाराकडं बघितलं... आणि संपलं."

नागेंद्र तिच्याजवळ खाली बसला. पाणी मागितलं. गेलेल्या माणसाच्या तोंडात बी लेक पाणी घालतो, तुळशीचं पान ठेवतो. मी वाटी त्याच्या हातात दिली आणि दिवा जवळ धरला.

मालुबाईच्या ओठांच्या कडंला फेस आलेला. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा. खालच्या ओठाला किड्याचा एक पंख चिकटलेला.

जयाबाई पदरानं पुसाय गेली. नागेंद्रनं तिचा हात धरला. आईच्या तोंडाशी वाकला... तसाच राहिला.

गुलाबाचा वास. मला बी आला.

त्यानं आपली बोटं नाकाशी नेली. मग पाण्याची वाटी खाली ठेवली.