बेडकांचे चार लेख

ग्रंथालयातल्या संगणकासमोर तो डोकं धरून बसला होता. शेजारची खुर्ची तेवढी रिकामी, म्हणून ती तिथे टेकली... आणि पाचच मिनिटांत त्याला शिकवू लागली. संशोधकाला एक कायमचा क्रमांक मिळतो. गाव बदलो, नोकरी बदलो, त्याचं काम त्या क्रमांकाखालीच सापडतं. एका नावाची दहा माणसं असली तरी घोटाळा होत नाही.

"माझा झालाय की," तो म्हणाला. बेडकांच्या आवाजावरचे त्याचे चार लेख दुसऱ्याच कुणाच्या क्रमांकावर चढले होते. आद्याक्षर तेच, आडनावही तेच. "कुणी सज्जन गृहस्थ असतील. चुकून झालं असेल बिचाऱ्यांकडून."

तिचे कान तापले. ते गृहस्थ म्हणजे तीच होती.

दोन वर्षांपूर्वी संगणकाने अकरा लेख दाखवून विचारलं होतं, यातले तुमचे कोणते? तिने घाईत 'सगळे' म्हटलं. चूक नंतर लक्षात आली, पण यादी भरलेली छान दिसत होती... राहू दिली. आता शुक्रवारी शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच यादीवर जायचा होता.

त्याने नाव विचारलं. ती शेवाळांवर काम करते, सगळे शेवाळबाईच म्हणतात, एवढंच तिने सांगितलं. तो हसला. मग रोज दुपारी चहा होऊ लागला. तो तिला बेडकांचे आवाज ऐकवी, कोणता लग्नाळू आणि कोणता नुसताच भांडखोर ते ओळखायला लावी. ती हसे, पण नजर कपातच. तो मान वाकवून तिचे डोळे शोधी, तशी ती आणखी खाली बघे.

शुक्रवारी सकाळी तिने चारही लेख काढून टाकले. अर्ज सात लेखांवर गेला. मग ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

त्याने एवढंच विचारलं, "निदान वाचले तरी होतेत का?"

"तेव्हा नाही. या आठवड्यात वाचले... तिसऱ्यात, सहाव्या पानावर, तक्त्यात दोन आकडे उलटे पडलेत."

त्याने कपाटातून लेख काढला, पाहिला, कपाळाला हात लावला. चार वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते. "दुरुस्ती छापावी लागेल. खाली तुमचे आभार मानीन, पूर्ण नावानं."

"नको... माझं नाव नको."

"का? हे काम तर तुमचंच आहे." मग जरा थांबून, हळूच, "लेख गुपचूप काढता आले असते. सांगायला का आलात?"

"कारण... मला तुमच्याकडे बघायचं होतं."

आणि तिने मान वर केली.