कुलपातली कळ

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं, सतरंजी पुरून उरेल. देवाचं नाव घेऊन आज एक गोष्ट सांगतो. तिच्यात खून नाही, दरोडा नाही. एक कळ आहे, कुलपात बंद केलेली. तिला कोणी बोटही लावलं नाही, आणि तरी ती दाबली गेली. कशी, ते शेवटी उलगडेल. तोवर तुम्हीही डोकं चालवा. मी काही लपवून ठेवणार नाही.

आपलं राज्य पंचविशीत आलं होतं तेव्हाची ही हकिकत. चिखलीत शालिग्राम नावाचे एक गृहस्थ खासगी तपास करायचे. अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. त्यांच्या जोडीला कारभारी, पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. कारभारींना दोनच वेडं, चहा आणि कीर्तन. तपासात आपलं डोकं जरा मागून चालतं, हे ते स्वतःच हसत सांगायचे.

त्या सकाळी कारभारींनी चहाची बशी तोंडाला लावली, तोच एक तरुणी दारात येऊन उभी राहिली. डोळे रडलेले नव्हते, पेटलेले होते.

"मी जनका. उंद्रीच्या दयाराम इंगळे गुरुजींची मुलगी. इथल्या शेतमाल संघात संगणकाचं काम करते. म्हणजे, आज संध्याकाळपर्यंत करते."

"बसा जनकाबाई," शालिग्राम म्हणाले. "आणि संध्याकाळनंतर?"

"अध्यक्ष पोलिसात तक्रार देणार. मी मुद्दाम यंत्राचा घात केला म्हणून. नोकरी गेली तर दुसरी पाहीन, भाऊ. पण हे नाव कपाळावर घेऊन मी उंद्रीत पाय ठेवणार नाही. माझं काम खरं होतं, तेवढं सिद्ध करून द्या."

संघानं काट्यासाठी एक छोटा संगणक आपल्याच खोलीत जोडून तयार केला होता. गोणी काट्यावर चढवायची, वजन कळफलकावर टाकायचं, 'जमा' दाबायचं, की शेतकऱ्याच्या नावावर आकडा पक्का.

"त्याचा कर्नल मी लिहिला," जनका म्हणाली. "आणि कळफलकाचा ड्रायव्हर."

कारभारींची बशी हवेतच थांबली. "कर्नल? मिलिटरीतला? अन् ड्रायव्हर लिहितात व्हय बाई? आमच्या सायबाच्या जीपचा ड्रायव्हर तर आम्हाले जेवू घालावा लागे!"

जनका पहिल्यांदाच हसली. "कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा, मामा. सगळी कामं तोच वाटून देतो. ड्रायव्हर म्हणजे त्याचा निरोप्या. तो एकसारखा कळांवरून फिरत विचारतो, कोणती दाबली, कोणती सोडली? आणि गाभ्याला जाऊन सांगतो. निरोप चुकला की गाभाही चुकणार."

"काल काय झालं?" शालिग्रामांनी विचारलं.

"बुलढाण्याहून समिती चाचणी पाहायला आली होती. काटेवाले उकंडराव कळफलकावर बसले. दोन गोण्या नीट जमा झाल्या. तिसरी सत्तर किलोची. त्यांनी सात, शून्य, जमा असं दाबलं आणि सगळ्या नोंदी नाहीशा झाल्या. नोंदी पुसणारी एकच कळ आहे, 'पुसा'. तिच्यावर पितळी झाकण, झाकणाला कुलूप. कुलूप जसंच्या तसं, किल्ली अध्यक्षांच्या खिशात."

"म्हणून सगळे म्हणाले, कळ दाबली नाही तर दगा लिहिणाऱ्याचा."

"हो. समिती आज दुपारी परतीच्या वाटेवर पुन्हा थांबणार आहे. तेव्हा माझं नाव सांगून ते मोकळे होतील."

शालिग्राम उठले आणि टोपी घातली. "चला कारभारी. चहा तिथं पिऊ."

संघाच्या खोलीत टेबलावर ते यंत्र होतं, वर आकडे दाखवणारा छोटा पडदा. कळफलक म्हणजे सोळा कळांची चौकोनी पाटी, चार आडव्या ओळी, चार उभ्या रांगा. वरच्या डाव्या कोपऱ्यात सात, वरच्या उजव्या कोपऱ्यात जमा. खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्य, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, पितळी झाकणाखाली, पुसा.

अध्यक्ष शेषराव स्वभावानं करडे. "सगळ्यांसमोर मी कुलूप उघडलं. आत कळ ठणठणीत. तिला कोणी हात लावलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"झाकणाची कल्पना कोणाची?"

"किसनरावांची. यंत्राची सगळी मांडणी त्यांचीच. चुकून कोणाचं बोट पडायला नको, असं म्हणाले. मला पटलं. परवा त्यांनीच बसवून दिलं. त्यात काय वाईट?"

"काहीच नाही," शालिग्राम म्हणाले.

मग जानराव आले. तारा जोडायचं काम त्यांचं. बोलताना हातातला पाना काही केल्या खाली ठेवेनात.

"पाटीच्या पोटात तारांची जाळी हाय, भाऊ. चार आडव्या, चार उभ्या. कळ दाबली की एक आडवी अन् एक उभी तार भेटते. दर कळेखाली काचेचा एक मणी बसवला हाय, डायोड म्हणतात त्याले. वीज त्याच्यातून पुढं जाते, उलटी फिरत नाही. सोळा कळा, सोळा मणी. सगळे म्या बसवले. अन् दर जोडावर लाल लाखेचा ठिपका देतो मी, ते आपली सवयच हाय."

"नंतर पाटी कोणी उघडली?"

"मले काय ठाऊक? मी वडनेर भोलजीले बहिणीकडं गेलतो. काल चाचणीच्या सकाळी आलो. रातच्याला एकेक कळ दाबून पाहिली, साऱ्या बराबर चालतात."

उकंडराव कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. कारभारींनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि एकदम टाळी वाजवली.

"काहो, तुम्ही उंद्रीच्या सप्ताहातले पेटीवाले ना? बुवांनी पूर्वरंगात चाल धरली का मागून तुमचा सूर असा भरून येते का काय सांगू! कुठं तुटत नाही!"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कालपासून हरवलेलं तेज आलं. "तुटू कसा देईन जी? पुढची पट्टी बोलल्याबिगर मागची सोडतच नाही मी. बोटं चिकटून चालतात. कीर्तनात सूर तुटला का बुवाचा भाव तुटते."

"वा! ऐकलं का भाऊ?" कारभारींनी शालिग्रामांकडं वळून विचारलं.

"ऐकलं," शालिग्राम म्हणाले. त्यांचे डोळे मात्र उकंडरावांच्या बोटांवर होते.

शेवटी किसनराव. परीटघडीचा सदरा, खिशाला दोन पेनं.

"पोरगी हुशार आहे, नाही कशाला म्हणू? पण माझा ड्रायव्हर बाजूला ठेवून यांनी तिचा घेतला. म्हणे तिचा चपळ आहे. आता पाहा चपळाई."

"तुमचा अंदाज काय?"

"सरळ आहे. सत्तरचा आकडा दिसला की सगळं पुसायचं, असं तिनं आत लिहून ठेवलंय."

"काल गोण्यांची वजनं कोणी ठरवली?"

"मीच भरून घेतल्या. का?"

"सहज. जरा सत्तर टाकून दाखवता?"

किसनरावांनी सात दाबला आणि बोट उचललं. शून्य दाबला, बोट उचललं, तेही तापल्या तव्यावरून उचलावं तसं. मग जमा. आकडा नीट उमटला. पाठोपाठ जनकानं एकाच बोटानं तेच केलं. तेव्हाही उमटला.

"आत लिहिलेलं असतं तर आता पुसलं जायला हवं होतं," कारभारी पुटपुटले.

"एकदा पुसून गप्प बसायचं, असंही लिहिता येतं," किसनराव फटकन म्हणाले.

"मग उकंडरावांना बसवून पाहू."

"नको, नको. म्हातारा माणूस आहे, घाबरलाय. आजच्या दिवस त्यांना यंत्राजवळ येऊच देऊ नका."

शालिग्रामांनी मान हलवली. अंगणात जाऊन ते थोडा वेळ एकटेच उभे राहिले. परतले ते वेगळंच काम सांगत.

"कारभारी, उकंडरावांचं घर गल्लीच्या टोकाला आहे. त्यांची पेटी घेऊन या."

"पेटी? आत्ता?" कारभारींना वाटलं, भाऊंना भजनाची तल्लफ आली. पण ते गेले.

सगळे खोलीत जमले. पेटी टेबलावर ठेवली. शालिग्राम म्हणाले, "उकंडराव, अभंगाची एखादी सावकाश चाल वाजवा. बाकीच्यांनी कान नाही, डोळे लावा."

भात्यानं श्वास घेतला आणि सूर भरला. म्हाताऱ्याची बोटं पट्ट्यांवरून सरकू लागली. एक पट्टी, तिच्यासोबत दुसरी, पहिली अजून खालीच असताना तिसरी. मग कुठं पहिली वर आली.

"आता तिकडं बसा, आणि मन लावून सत्तर टाका. कालच्यासारखंच."

"भाऊ, मी सांगितलं ना..." किसनराव पुढं सरसावले. कारभारींनी हवालदारकीतला हात आडवा घातला.

उकंडरावांनी सात दाबला. सात खाली असतानाच शून्य. दोन्ही खाली असतानाच जमा.

पडदा कोरा झाला. पितळी कुलूप जागच्या जागी लोंबत होतं.

"देवा रे!" उकंडराव मागं सरकले. "मीच पापी!"

"तुम्ही नाही," शालिग्राम म्हणाले. "आता ऐंशी टाका, तसंच." ऐंशी बिनबोभाट जमा झाले. "जानराव, पाटी उघडा. सातच्या खाली पाहा."

जानरावांनी पेच काढले. पंधरा ठिकाणी काचेचे मणी आणि लाल ठिपके. सातच्या खाली साधी तार, आणि तिच्या जोडावर ठिपकाच नव्हता.

"हे माह्या हातचं नाही!"

शालिग्राम सावकाश बोलू लागले. "झाकण शाबूत होतं, म्हणजे कळ खरोखर दाबली नव्हती. आणि दगा जनकाबाईंनी लिहिलेल्या आज्ञावलीत असता, तर कोणाचं बोट आहे याच्याशी तिला काय घेणं? तरी उकंडरावांच्या हातानं नोंदी पुसल्या जातात, इतरांच्या हातानं नाही. म्हणजे फरक दाबण्याच्या तऱ्हेत. ती तऱ्हा कारभारींच्या कीर्तनवेडानं मला सकाळीच कळली."

"माह्यामुळं?" कारभारींचा विश्वासच बसेना.

"तुमच्यामुळंच. आता पाटी पाहा. सात, जमा, शून्य, पुसा, हे चौकोनाचे चार कोपरे. तीन कोपरे एकदम दाबले, तर वीज खालच्या ओळीतून शून्यापाशी येते, डाव्या रांगेतून वर सातपाशी चढते, आणि सातमधून उलटी शिरून जमाच्या वाटेनं उजव्या रांगेत उतरते. निरोप्याला वाटतं, चौथा कोपराही दाबलाय. सातखालचा मणी ही उलटी वाटच अडवतो. तो काढला तरी सातची कळ एकटी नीटच चालते. म्हणून तपासणीत काही सापडलं नाही."

"पण मणी काढला कोणी?" शेषरावांचा आवाज खाली आला होता.

"झाकण बसवायला पाटी उघडावीच लागते. जानराव तेव्हा परगावी. ज्या झाकणानं कळ निर्दोष ठरली, त्याच्याच निमित्तानं पाटीत हात घालता आला. त्याच माणसानं सत्तरची गोणी भरली. त्यालाच आज सत्तर टाकताना एकेक बोट जपून उचलावं लागलं, कारण न उचललं तर काय होईल हे इथं त्याला एकट्यालाच माहीत होतं. आणि उकंडरावांना दूर ठेवायची घाईही त्यालाच. किसनराव, उकंडरावांची ही बोटं तुम्ही सप्ताहात मागं बसून पाहिली असतील?"

किसनरावांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा खोचलं.

"दोन वर्षं," ते अखेर म्हणाले. "दोन वर्षं या यंत्रावर मी राबलो. आणि काल आलेल्या पोरीचं लिहिलेलं चढवलं. मला फक्त तिचं काम यंत्रावरून उतरवायचं होतं."

"आणि तिला चौकीत पाठवायचं?" कारभारींनी विचारलं. किसनराव मान खाली घालून बाहेर गेले.

शेषरावांनी टोपी काढली. "जनकाबाई, माझं चुकलं. तक्रार गेली नाही, हे देवाचे उपकार. जानराव, लगेच नवा मणी बसवा. समिती यायची वेळ झाली."

"बसवू नका," जनका म्हणाली.

सगळे तिच्याकडं पाहू लागले.

"आज तो मुद्दाम काढला. उद्या जळेल, परवा जोड सुटेल. काट्यावर शेतकऱ्याची वर्षाची मेहनत चढते, ती एका मण्याच्या भरवशावर ठेवायची? निरोप्यालाच शहाणं करते. चौकोनाचे चारही कोपरे दिसले, तर यातलं काय खरं ते कळत नाही, असं समजून त्यानं थांबायचं. एक बोट उठेपर्यंत कोणाचंच ऐकायचं नाही."

ती बसली. जेवणाचा डबा तसाच राहिला. उकंडराव शेजारी बसून ती म्हणेल तेव्हा सत्तर टाकत राहिले. दोनदा पडदा कोरा झाला. तिसऱ्यांदा तिनं एक ओळ खोडली, नवी लिहिली आणि म्हणाली, "आता."

बाहेर जीप वाजली. समितीचे साहेब आत आले, तेव्हा पाटी उघडीच होती, आणि सातखालची ती उघडी तारही सगळ्यांना दिसत होती. शेषरावांनी झालं ते सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

"आणि तरी याच पाटीवर चाचणी?" साहेबांनी भुवया वर केल्या.

"याच पाटीवर," जनका म्हणाली. "उकंडरावकाका, तुमच्याच चालीनं. हात बदलू नका."

सात. शून्य. जमा. तीन बोटं खाली. यंत्र क्षणभर थांबलं. म्हाताऱ्यानं सातवरचं बोट उचललं, आणि पडद्यावर सत्तर उमटले, जमा झाले, आधीच्या सगळ्या नोंदींखाली शिस्तीत जाऊन बसले.

"हाव!" कारभारी ओरडले, आणि मग साहेबांसमोर ओरडलो म्हणून लाजले.

साहेबांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

कोणी काही बोलायच्या आत तीच पुढं झाली. "मी. जनका दयाराम इंगळे, उंद्री."

तर मंडळी, तुमच्या गावच्या काट्यावर कधी गोणी चढली आणि आकडा न चुकता उमटला, तर त्या जनकाबाईची एकदा मनापासून आठवण काढा. बाकी मला काही नको.